दुसऱ्या पसंतीचा खासदार

शिवशंकर बंडगर आजवर तीन निवडणुका लढला. एक बेलवाडीच्या ग्रामपंचायतीची आणि दोन ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या. यांतली सगळ्यांत अवघड कुठली, असं कुणी विचारलं तर तो आजही बेलवाडीचं नाव घेतो. ऐकणारा हसला तर त्याला नवल वाटतं, कारण तो गंमत करत नसतो.

बेलवाडी लोहाऱ्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून कधी अर्धा तास, कधी दीड. शिवशंकरचे वडील सिदू यांची साठेक मेंढरं होती आणि अडीच एकर मुरमाड रान. जीव सगळा मेंढरांवर, रान आपलं कागदापुरतं. सुगी संपली की मोठ्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, खत त्यांना, धान्य आपल्याला, असा जुना रिवाज होता. त्यामुळं शिवशंकरनं लहानपणी पंचक्रोशीतली सगळ्यांची शेतं पायाखाली घातली, आणि पाचवीत असतानाच दात बघून मेंढीचं वय सांगायला शिकला.

आई सिताबाई हिवाळ्यात हरभऱ्यावर पातळ फडकं अंथरायची. सकाळी ते दवानं भिजलं की पिळून बाटलीत भरायचं, त्याला आंब म्हणतात. पोट दुखलं की दोन चमचे. हरभऱ्याच्या पानात हे आंबट येतं कुठून, हा शिवशंकरला पडलेला पहिला प्रश्न. उत्तर मिळालं ते थेट कृषी महाविद्यालयात. सुट्टीत घरी आल्या आल्या त्यानं आईला सांगितलं, की आंबेत मॅलिक आम्ल असतं.

"असंल," सिताबाई म्हणाली. "पर पोट राहतंय न्हवं?"

परभणीहून एम.एस्सी. होऊन तो घरी आला आणि नोकरीची वाट बघत बसला. नेमकी त्याच वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सिदूंच्या मनानं घेतलं, की शिकलेलं पोरगं घरात रिकामं बसण्यापेक्षा पंचायतीत बसावं. समोर गुंडप्पाचं पॅनल होतं. गुंडप्पा म्हणजे तेव्हाचा पस्तिशीतला गडी, पांढरा नेहरू शर्ट, आवाज असा की लाऊडस्पीकर मागवायचा तो केवळ शोभेसाठी.

पारावर सभा झाली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "नव्या बोअरला पाणी लागंल का?"

शिवशंकर म्हणाला, "सांगता येत नाही. आधी तपासावं लागेल."

गुंडप्पा उठला आणि म्हणाला, "साठ फुटावर पाणी! लिहून घ्या!"

लोकांनी लिहून घेतलं. शिवशंकर चार मतांनी पडला. त्यांतली दोन घरातलीच होती, असा सिदूंचा अखेरपर्यंत वहीम होता. बोअर तीनशे फुटांपर्यंत कोरडं गेलं, आणि पुढच्या निवडणुकीत गुंडप्पा आणखी जास्त मतांनी निवडून आला.

त्यानंतर शिवशंकरला एका कडधान्य संशोधन केंद्रात नोकरी लागली. काम हरभऱ्याच्या मर रोगाचं. उभं हिरवं झाड आठ दिवसांत का वाळतं आणि त्याच ओळीतलं शेजारचं का वाचतं, हे शोधायचं. हरभऱ्याचं फूल नखाएवढं. कळी चिमट्यानं उघडायची, त्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, वर चिठ्ठी बांधायची. शंभर फुलांतली पाचदहा धरतात. बाकीच्यांना हे काम कंटाळवाणं वाटे. शिवशंकरला वाटे, की पारावरच्या सभेपेक्षा हे कितीतरी बरं. इथं निदान झाड खोटं बोलत नाही.

दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती आली. यादीत पहिला होता त्याचा मित्र रणधीर, दुसरा शिवशंकर. पण त्याच महिन्यात रणधीर तहसीलदाराची परीक्षा पास झाला. तहसीलदारकी सोडून हरभऱ्यासाठी समुद्र कोण ओलांडणार? दुसऱ्या नंबरचा माणूस गेला.

जाण्यापूर्वी त्यानं एक गोष्ट केली. थोरली बहीण शिवकन्या, जिला तो अक्का म्हणे, गावातच दिली होती. नवरा एसटीत वाहक, त्यामुळं आईबापाचं रानही तीच बघायची. शिवशंकरनं आपला हिस्सा तिच्या नावावर सोडला. तलाठ्यानं कागद दोनदा वाचला.

"बहिणी भावाला हक्कसोड देतात," तलाठी म्हणाले. "भाऊ बहिणीला देतोय, हे मी पहिल्यांदा बघतोय. तुम्ही कागद नीट वाचलाय ना?"

पुढं येडशीच्या एका रेल्वे गँगमनची मुलगी सत्यभामा त्याची बायको झाली. गणितात बी.एस्सी., बी.एड. डॉक्टरेट संपवून शिवशंकर कुराबीन नावाच्या गावातल्या संशोधन केंद्रात रुजू झाला, तेव्हा ती तिथल्या शाळेत गणित शिकवू लागली. कुराबीन म्हणजे एक लांबलचक रस्ता, धान्याच्या चार उंच टाक्या, तीन दारूची दुकानं आणि नजर पोहोचेल तिथवर सपाट काळी जमीन. शिवशंकरला पहिल्याच दिवशी वाटलं, की ही तर आपलीच माती. फक्त मधे बांध नाहीत आणि माणसं नाहीत.

तिथले शेतकरी गव्हाच्या फेरपालटाला हरभरा घेत. पण करपा येऊन सलग दोन हंगाम शेतंच्या शेतं काळी पडली होती, आणि परमुलखातून आलेला हा काळासावळा माणूस काही करील यावर कुणाचा विश्वास नव्हता. विश्वास बसला तो वेगळ्याच कारणानं. गावच्या जनावरांच्या बाजारात कॉलिन नावाचा शेतकरी एका मेंढीचा सौदा करत होता. विकणारा म्हणाला, तीन वर्षांची आहे. शिवशंकर शेजारी उभा होता. त्यानं पुढं होऊन मेंढीचा जबडा उघडला, आत पाहिलं आणि सांगितलं, "सहा. दोन दात तर पडलेत."

कॉलिननं सौदा मोडला आणि दुसऱ्या दिवशी आपलं चाळीस एकर रान शिवशंकरला प्रयोगासाठी दिलं. डॉक्टरेटनं जे झालं नाही ते सिदूंच्या मेंढरांनी केलं. 'शिवशंकर' तिथं कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा कॉलिननंच त्याचा 'शँको' करून टाकला.

करप्याला दाद न देणारं वाण तयार व्हायला अकरा वर्षं लागली. हजारो पाकिटांतलं बी पेरून, मुद्दाम रोग पाडून, जगलेलं ठेवायचं. त्यातल्या एका ओळीनं कहर केला. आसपास सगळं काळं आणि ही तेवढी हिरवीगार. शिवशंकरनं तिचा क्रमांक काढला, बियाण्यांच्या आंतरराष्ट्रीय पेढीतल्या नोंदीत शोधला. लिहिलं होतं: मूळ ठिकाण, उस्मानाबाद जिल्हा, भारत. कुणीतरी कधीतरी त्याच्याच जिल्ह्यातल्या कुठल्याशा शेतकऱ्याकडून मूठभर दाणे नेले होते. शेतकऱ्याचं नाव नोंदीत नव्हतं.

नव्या वाणाला त्यानं 'सिता' हे नाव सुचवलं. समितीनं पत्र पाठवलं, की या नावानं माल भारतीय असल्याचा गैरसमज होईल. वाणाचं नाव पडलं 'बुश गोल्ड'. सिताबाईला फोनवर त्यानं नाव सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चांगलं हाय. खायाला कसा लागतोय?"

खायला कसा लागतो हे कुराबीनमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांनी पेरला त्यांनी कधी तोंडात टाकला नव्हता. सत्यभामानं एकदा कॉलिनला जेवायला बोलावून झुणका वाढला. त्यानं तीनदा घेतला आणि विचारलं, हे काय आहे. "तुझंच आहे," ती म्हणाली, "गेल्या वर्षीचं."

बुश गोल्डनं कुराबीनचं रूप पालटलं. टाक्या भरल्या, जहाजं भरली, आणि सगळी जहाजं एकाच दिशेनं निघाली.

तिसऱ्या हंगामात अक्काचा फोन आला. ती लातूरच्या आडतीत हरभरा घेऊन गेली होती.

"शंकऱ्या, दर लई पडलाय बग. बाहेरनं जहाजं आलीत म्हणं. आडत्या म्हनतो, तुमचा बारका हाय, बाहेरचा टपोरा."

"कुठला म्हणतात?"

"म्हाईत न्हाय. थांब, फोटो धाडते."

फोटो आला. अक्काचा रुंद तळहात आणि त्यावर वीसपंचवीस दाणे. शिवशंकरनं आयुष्यात लाखो दाणे पाहिले होते. दाण्याची किंचित वाकडी चोच, पाठीवरची सुरकुती, तांबूस छटा. आई आपलं लेकरू गर्दीत ओळखते तसं त्यानं ओळखलं. बुश गोल्ड.

"वळखलास का?" अक्कानं विचारलं.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "आधी तपासावं लागेल."

हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच तो खोटं बोलला. फोन ठेवल्यावर त्यानं सत्यभामाला सांगितलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "उत्तर माहीत असून 'माहीत नाही' लिहिणाऱ्याला मी शून्य देते."

पुढं भारत सरकारनं बाहेरच्या हरभऱ्यावर जबर कर बसवला. अक्काचा फोन आला, "सरकारनं बरं केलं बग." त्याच दिवशी कॉलिन दारात उभा. गोदाम भरलेलं, घेणारा कुणी नाही. "शँको, तुझे लोक असं का वागतात?" शिवशंकरला आठवलं, की जहाजं ऑस्ट्रेलियाची होती हे आडतीत कळल्यावर अक्कानंही मागं नेमकं हेच विचारलं होतं, त्याच शब्दांत. फक्त 'तुझे लोक' म्हणजे कॉलिन.

हरभराच नको झाला तेव्हा हरभऱ्यावरचं संशोधन तरी कशाला? राजधानीतून पत्र आलं, की कुराबीनचं केंद्र बंद करण्याचा विचार आहे. शास्त्रज्ञांनी शहरातल्या कार्यालयात हजर व्हावं. शेतकरी चिडले. गावच्या हॉलमध्ये सभा भरली. निवडणूक तोंडावर होती, म्हणून दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवारही आले. कुणीतरी विचारलं, भारत कर कधी उठवील? एक उमेदवार म्हणाला, सहा महिन्यांत. दुसरा म्हणाला, तीन. मग कॉलिननं माइक शिवशंकरच्या हातात दिला.

"सांगता येत नाही," शिवशंकर म्हणाला. "आधी तपासावं लागेल."

शिवशंकरला वाटलं, इथंही चार मतं गेली. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. माइकसमोर उभं राहून 'मला माहीत नाही' म्हणणारा माणूस त्या लोकांनी बापजन्मात पाहिला नव्हता. आठवड्याभरात कॉलिननं त्याला अपक्ष उभा केला.

अर्ज भरल्यावर विरोधकांनी हरकत घेतली, की हा माणूस अजून भारतीयच आहे, आणि दुसऱ्या देशाच्या नागरिकाला तिथं खासदार होता येत नाही. शिवशंकरनं तिथलं नागरिकत्व घेतलं होतं ते व्हिसाच्या रांगेला कंटाळून. पण आता भारतीय नसल्याचा पुरावा हवा होता. तीन दिवस घर उलथंपालथं केलं तेव्हा तो कागद सत्यभामाच्या गणिताच्या कपाटात सापडला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, की शिवशंकर सिदू बंडगर याचा भारताच्या नागरिकत्वाशी संबंध संपला आहे. कागद जमा करून आल्यावर तो त्या दिवशी जेवला नाही.

तिथं मत न देणाऱ्याला दंड होतो, आणि मतपत्रिकेवर एकाच नावापुढं खूण करून भागत नाही; सगळ्या उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यावे लागतात. पहिल्या पसंतीत शिवशंकर बराच मागं, दुसऱ्या स्थानावर होता. पण दोन्ही मोठ्या पक्षांच्या माणसांचं एकमेकांवर इतकं प्रेम, की प्रत्येकानं शत्रूला शेवटचा आणि शँकोला दुसरा क्रमांक दिला होता. तिसऱ्या स्थानावरचा बाद झाला, त्याची मतं वाटली गेली, आणि शिवशंकर खासदार झाला. सत्यभामानं मोजणीच्या आदल्या दिवशीच कागदावर आकडेमोड करून हे सांगितलं होतं. अर्धे मतदार तिच्या हाताखालून शिकून गेलेले. कोण कसा अंक लिहील, हे तिला ठाऊक होतं.

बातमी बेलवाडीला पोहोचली. पहिला फोन गुंडप्पाचा.

"अरं, पहिला नंबर कुणाचा आला मग?"

"दुसऱ्याचा, अप्पा."

"आन निवडून तू आलास?"

"व्हय."

गुंडप्पा खोल आवाजात म्हणाला, "ही पद्धत आपल्याकडं यायला पायजे हुती. न्हाय... नगंच."

संसदेत शिवशंकरला शेवटच्या रांगेतली जागा मिळाली आणि समुद्रकिनारे व मासेमारीच्या समितीवर नेमणूक. त्याच्या मतदारसंघापासून समुद्र सहाशे किलोमीटर. त्यानं शेतीची समिती मागितली, तेव्हा सांगण्यात आलं, की शेतीच्या समितीवर शेतीतले लोक नकोत, त्यांचे हितसंबंध असतात. ज्या केंद्रासाठी तो निवडून आला होता ते चार महिन्यांत बंद झालं. इमारतीत गावचं वस्तुसंग्रहालय निघालं. काचेच्या पेटीत त्याचा चिमटा ठेवला आणि खाली पाटी लावली: 'आमच्या खासदारांनी वापरलेला.' चिमटा अजून चांगला होता. त्याला तो परत हवा होता, पण मागायची लाज वाटली.

दुसऱ्या वर्षी हरभऱ्याच्या कराबाबत बोलायला एक शिष्टमंडळ दिल्लीला निघालं. शिवशंकरला आपण होऊन बोलावणं आलं, कारण "तुम्हाला तिथलं समजतं." दिल्लीत त्यानं ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं बसून, भारतानं हरभऱ्यावरचा कर का उठवावा, याचे सात मुद्दे मांडले. समोरच्या अधिकाऱ्यानं सगळं शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाला, "तुमचं हिंदी फार चांगलं आहे."

तिथून तो चार दिवस गावी आला. सिदू जाऊन सहा वर्षं झाली होती. सिताबाई चौऱ्याऐंशीची, कानानं थोडी कमी. आणि अक्का सरपंच झाली होती. जागा बायकांसाठी राखीव सुटली तेव्हा गुंडप्पानं, साधी बाई आहे, सही करील, म्हणून तिला उभी केली. ती आधी कागद वाचते हे त्याला उशिरा कळलं.

धाराशिवहून येतानाच रस्त्यात फलक दिसला: 'भारतमातेचे सुपुत्र, बेलवाडीचे भूषण'. शिवशंकरचा फोटो कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. मधे हात जोडून उभा गुंडप्पा. शिवशंकरला सत्यभामाच्या कपाटातला तो कागद आठवला. तो गाडीतून दुसरीकडं बघू लागला.

सत्कार ग्रामसभेतच ठेवला होता. फेटा, नारळ, शाल. ग्रामसेवकानं इतिवृत्त वाचायला घेतलं.

"ठराव क्रमांक तीन. गावचे सुपुत्र मा. शिवशंकर बंडगर ऑस्ट्रेलिया देशाच्या संसदेवर निवडून गेल्याबद्दल ही सभा त्यांचं हार्दिक अभिनंदन करते. सूचक, गुंडप्पा..."

टाळ्या झाल्या.

"ठराव क्रमांक चार. परदेशी हरभऱ्यामुळं शेतकऱ्यांचं नुकसान होत असल्यानं त्यावरील कर कायम ठेवावा, अशी ही सभा शासनाला विनंती करते. सूचक, सरपंच शिवकन्याबाई."

पुन्हा टाळ्या. पहिल्यापेक्षा जोरात.

"आता खासदार साहेब दोन शब्द बोलतील," गुंडप्पा म्हणाला. "ठराव चारला पाठिंबा दिला तर लई बरं."

शिवशंकर उठला. अक्का खुर्चीत ताठ बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर फाईल. त्याला तिचा तळहात दिसला.

"तो हरभरा माझा आहे," तो म्हणाला.

लोकांना वाटलं, पुढं काही विनोद आहे. ते थांबले.

"त्याचं बी मी तयार केलं. अकरा वर्षं लागली. त्याचा एक बाप आपल्याच जिल्ह्यातला. आणि परवा दिल्लीत जाऊन मी सांगून आलो, की कर उठवा. कारण मला ज्यांनी मतं दिली त्यांचीही गोदामं भरलीत. अक्का, तू फोटो पाठवला होतास तेव्हाच मी ओळखला होता. बोललो नाही."

मागं एक मोबाइल वाजला आणि लगेच बंद झाला. शेवटी गुंडप्पानं विचारलं, "मग ते बी आमाला मिळंल का?"

शिवशंकर या प्रश्नाच्या तयारीनं आला नव्हता. "न्हाय, अप्पा. त्याचे हक्क तिथल्या सरकारकडं आहेत. आणायला परवानगी नाही."

"म्हंजे बी आपल्याकडनं गेलं, करणारा आपला, खाणारे आपण," गुंडप्पा बोटं मोजत म्हणाला, "आन हक्क त्यांचा?"

"व्हय."

"आन तू त्यांचा खासदार."

"व्हय."

"मग तू तिथं जाऊन केलंस काय?" हे गुंडप्पा रागानं बोलला नाही. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

अक्का उठली. म्हणाली, "ठराव तीन मंजूर. ठराव चार मंजूर. दोन्ही इतिवृत्तात घ्या." मग ग्रामसेवकाकडं वळून, "आन तो जे बोलला ते बी लिवा. जसं बोलला तसं."

घरी आल्यावर शिवशंकर ओसरीवर बसून राहिला. सिताबाईनं ताट वाढलं. तो नको म्हणाला.

"खरं बोललास म्हनून जेवायचं न्हाय का?" ती म्हणाली. "रोज बोलणाऱ्यांनी काय करावं मग?"

अक्का त्याच्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी, जीपपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "तवाच सांगितलं असतंस तर म्या काय केलं असतं? हरभरा तर इकावाच लागला असता. पर सांगायचं हुतंस."

परत गेल्यावर शिवशंकरनं संसदेत पहिल्यांदाच लिहून न नेता भाषण केलं. कुराबीनच्या शेतकऱ्याचं गोदाम खरं आहे, म्हणाला, आणि अडीच एकरवाल्या बाईचा तळहातही खरा आहे. भाव पाडून विकायचा माल नेहमी कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडतो. सभागृहात अकरा जण हजर होते. त्यातल्या एकानं जांभई देऊन वर पाहिलं, एवढीच काय ती दखल. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मथळा आला, की कुराबीनचे खासदार भारताची बाजू घेतात. नेमक्या त्याच आठवड्यात लोहाऱ्याच्या एका वार्ताहरानं बातमी दिली होती, की भूमिपुत्र खासदार परक्यांची बाजू घेतात. सत्यभामानं दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी चिकटवली.

निवडणुकीआधी कॉलिन आला, टोपी हातात धरून. "शँको, तू म्हणालास ते बरोबर आहे. पण मी तुला मत देऊ शकत नाही." शिवशंकर म्हणाला, समजतं मला. मग दोघांनी झुणका खाल्ला. या वेळी उमेदवार वाढले, मतं विखुरली, आणि पहिल्या पसंतीत शिवशंकर पहिला आला. बाकीच्यांनी मात्र त्याला शेवटचा क्रमांक दिला होता, आणि तो पडला. हेही सत्यभामानं आदल्या दिवशी काढून ठेवलं होतं. या वेळी तिनं कागद दाखवला नाही.

जिंकलेल्या माणसानं वर्षभरात संशोधन केंद्र पुन्हा सुरू केलं. उद्घाटनाच्या कोनशिलेवर शिवशंकरचं नाव नव्हतं, पण त्याला पत्रिका होती. आणि त्यानंतर काही महिन्यांनी भारतानं कर उठवला. शिष्टमंडळामुळं नाही, ठरावामुळं नाही, भाषणामुळं तर नाहीच. देशात डाळ महाग झाली होती, एवढंच. अक्कानं फोन करून विचारलं, "हे तू केलंस का?" कॉलिननंही तेच विचारलं. दोघांनाही नाही म्हणताना शिवशंकरला थोडी लाज वाटली.

आता तो निवृत्त आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेलवाडीत असतो. सत्यभामा शाळेच्या सुट्ट्या लागल्या की येते. अक्काच्या रानाच्या एका कोपऱ्यात त्यानं गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून मागून आणलेले हरभऱ्याचे चौतीस देशी प्रकार ओळीनं लावलेत. मर कुठल्याला लागते आणि कुठला वाचतो, ते बघतो. प्रत्येक ओळीपुढं खुंटी आहे आणि खुंटीवर बी देणाऱ्या बाईचं पूर्ण नाव, गावासकट. नवीन चिमटा त्यानं धाराशिवच्या बाजारात, घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून घेतला.

यंदा पेरणीच्या दिवसांत शिवप्रिया नावाची नवी कृषी सहायक स्कूटीवरून आली. पंचविशीतली, टोपी, पाठीवर सॅक. अक्का पंचायतीत गेली होती. बांधावर जुना शर्ट घातलेला एक म्हातारा चवड्यांवर बसून ओळी मोजत होता. शिवप्रियानं सॅकमधून माहितीपत्रक काढलं आणि त्याला हरभऱ्याची मर म्हणजे काय, ते समजावून सांगितलं. बुरशी जमिनीत असते. झाड वाळलेलं दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून बियाण्याला आधीच प्रक्रिया करायची. किती बियाण्याला किती, तेही तिनं बोटांवर मोजून सांगितलं.

शिवशंकरनं सगळं ऐकलं. मधे एक प्रश्न विचारला: प्रक्रिया केल्यावर बी सावलीत किती वेळ ठेवायचं?

तिनं उत्तर दिलं. बरोबर होतं. मग त्याच्याकडं निरखून बघत म्हणाली, "काका, राग मानू नका, पण तुम्ही शेतीत नवीन दिसता."

"व्हय," शिवशंकर म्हणाला, "जरा उशिराच सुरुवात केली," आणि ते माहितीपत्रक मागून घेतलं.